सासूबाईंच्या अंगठ्याचं नख

आमच्या सासूबाईंना मधुमेह होता, पण तो त्यांनी कधी मान्य केला नाही. डॉक्टरांनी काढलेलं खूळ आहे, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ही प्लेग यायच्या आधीची गोष्ट. गिरगावात एका वाडीत माडीवरच्या तीन खोल्यांत आम्ही राहत होतो: मामंजी, सासूबाई, आमच्या घरची स्वारी, धाकट्या वन्सं आणि मी. पुरुषमंडळी सकाळी जेवून कचेरीत गेली की घरात सासूबाईंचं राज्य सुरू होई. खरं म्हणजे ते आधीही संपलेलं नसे.

सासूबाई वाडीत प्रसिद्ध होत्या त्या त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखासाठी. हे आजच्या मुलींना सांगावं लागतं, म्हणून सांगते. लग्नघरी वळवट करायची पद्धत असे. रवा दुधात घट्ट भिजवायचा आणि बायकांनी सुपाभोवती बसून त्याचे हाताने बारीक बारीक दाणे वळायचे. चिमटीत वळले ते गव्हले, बोटांवर वळले ते बोटवे, आणि अंगठ्याच्या नखावर कणीएवढा रवा दाबून नखाच्याच आकाराचा छोटा वाटीसारखा पापुद्रा उचलला की तो नखुला. वाळवून ठेवले की वर्षभर टिकत. लग्नात त्यांची खीर होई. शिवाय मुलीकडच्या रुखवतात ते ताटं भरभरून मांडत आणि मुलाकडच्या बायका ते निरखून बघत. मुलीची परीक्षा नंतर, आधी मुलीच्या आईच्या नखांची.

सासूबाईंचं नख रुंद होतं, मधोमध छान वळलेलं, शिंपल्यासारखं. त्यांचा नखुला सुपात हजारांत ओळखू येई. वाडीत कुणाकडेही लग्न निघालं की बोलावणं आधी भटजींना जाई आणि मग सासूबाईंना. कधी कधी उलटही.

दुखणं उघडकीला आणलं ते मुंग्यांनी. मोरीत सासूबाई बसत त्याच कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागे आणि बाकीचे तिन्ही कोपरे मोकळे. मी हे सासूबाईंना सांगितलं. आमच्या घरात साखर शुद्ध येते म्हणून मुंग्या येतात, असं त्यांचं उत्तर. पुढे त्यांची तहान वाढली, कळशीभर पाणी एका दुपारी संपू लागलं आणि शरीर उतरलं. तेव्हा मामंजींनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आमच्याच वाडीच्या तोंडाशी बसत. पगडी, कोट आणि हळू आवाज. त्यांनी बाटलीत काय मागितलं ते मामंजींनी मला सांगितलं नाही, मी सासूबाईंना सांगितलं नाही, आणि शेवटी डॉक्टरांनाच सांगावं लागलं. सासूबाई चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बाटली मात्र गेली. डॉक्टरांनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात ते उकळलं, तर साखरेमुळे पाणी विटेच्या रंगाचं झालं.

त्यांनी साखर, गूळ, भात, बटाटा सगळं तोडलं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि आपला अर्थ लावला. आंबा झाडाला लागतो म्हणून तो साखरेत धरत नाहीत. प्रसादाला नाही म्हणत नाहीत. आणि कुणाच्या घरचं तोंडावर नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान, तो आपल्याच्याने होणार नाही.

मग डॉक्टरांनी त्यांचे हात पाहिले. आदल्या वर्षी त्यांच्या करंगळीला नखुरडं झालं होतं आणि ते बरं व्हायला पावसाळा संपावा लागला होता, हे मामंजींच्या बोलण्यात आलं. डॉक्टरांनी त्यांची बोटं एकेक करून दाबली, टाचणी टोचली आणि कळतंय का विचारलं. सासूबाई म्हणाल्या, न कळायला काय झालं, तुम्ही टाचणी टोचताय ते मला दिसतंय. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटल्यावर त्यांना काहीच कळलं नाही.

तव्यावरची भाकरी सासूबाई चिमट्याशिवाय नुसत्या बोटांनी उलटत. हे आमच्या घराचं भूषण होतं. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभं करून दाखवत. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि टाचणी खाली ठेवली.

या दुखण्यात जखम भरत नाही, असं त्यांनी समजावलं. नखाच्या कडेची साल निघते, तिथून घाण आत शिरते, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही आणि बघेपर्यंत हाताबाहेर जातं. भोइवाड्यातल्या एका गिरणीच्या जॉबराच्या पायाच्या अंगठ्याचं त्यांनी सांगितलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग जॉबर. सासूबाईंनी विचारलं की तो काय खायचा.

तेव्हा दर आठवड्याला नखं कुणीतरी नीट बघून कापायला हवीत, असं ठरलं. न्हाविणीची नहरणी बंद. लहान कात्री उकळत्या पाण्यातून काढून घ्यायची, नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत, कडेची साल ओढायची नाही, सुटलीच तर कात्रीने अलगद उडवायची. हात कोमट पाण्यात धुवायचे, पण पाणी कोमट आहे की नाही हे दुसऱ्याने आपल्या कोपराने बघायचं. बोटं फडक्याने टिपून कोरडी करायची आणि नखांच्या मुळाशी खोबरेल तेल लावायचं. नखुरड्यावर लिंबू बांधायचं नाही. हे सांगून डॉक्टर खोलीभर बघू लागले. मामंजींनी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या घरची स्वारी कचेरीत होती. उरले मी.

वाराचा प्रश्न आला. शनिवारी नखं कापत नाहीत, सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा. रविवारी पुरुष घरी असतात, त्यांच्यापुढे कसलं हे. बुधवार तेवढा उरला. त्यावरही सासूबाईंनी एकादशी, चतुर्थी आणि अमावास्येची सूट मागितली. मी डॉक्टरांना विचारून येते म्हटलं. तेव्हा त्यांनी सूट मागे घेतली, पण नखं घराच्या आत कापायची नाहीत, ही अट कायम ठेवली.

म्हणून दर बुधवारी दुपारी आम्ही गॅलरीत बसू लागलो. त्यांच्यापुढे मी परातीत पाणी घेऊन. लग्न होऊन मी त्या घरात आले त्याला सहा वर्षं झाली होती आणि तोवर सासूबाईंना माझा स्पर्श झाला होता तो फक्त सणासुदीला पाया पडताना. आता त्यांचा हात माझ्या मांडीवर असे. हाताचा हा असा उपयोग होत असताना तोंड रिकामं ठेवणं त्यांना पटत नसे, त्यामुळे आठवडाभरातल्या माझ्या चुका त्या तेवढ्यात सांगून घेत. डाव्या हाताच्या नखांना आमटी पुरे आणि उजव्या हाताच्या नखांना माझं माहेर. कार्बोलिक साबणाच्या वासावरही त्या बोलत, कारण त्या हाताने देवाची फुलं घ्यायची होती. साबणावर माती, मातीवर पाणी, असा तोडगा त्यांनी काढला. कापलेली नखं त्या स्वतः मोजून कागदात बांधत आणि मला वाडीमागच्या फणसाखाली पुरायला लावत, म्हणजे शेजारणींपैकी कुणाला करणी करायला मिळायची नाहीत. शेजारणी रोज त्यांच्याकडे विरजण मागायला येत आणि त्या बायकांच्या अंगात दही लावण्याचाही उरक नव्हता.

डाव्या अंगठ्याला मात्र मी हात लावला की त्या गप्प होत. ते नख कापताना डोळे बारीक करून कात्रीकडे बघत. त्याचा वळसा बिघडता कामा नये. मला पुढे पुढे बुधवारची वाट पाहावीशी वाटू लागली, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

दुसऱ्या वर्षी पौषात वन्संचं लग्न ठरलं. मुलगा माहीमचा. मुहूर्त फाल्गुनातला, आणि माघात आमच्याकडे वळवटाला सुरुवात व्हायची होती. मी डॉक्टरांना आधीच जाऊन विचारलं. तासन्‌तास ओल्या रव्यात बोटं, नखात अडकलेले कण, कडेची साल फुगून सुटणार. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. फार तर मुहूर्ताचे पाच नखुले करू देत, पुढचे इतरांनी. सासूबाईंनी हे ताबडतोब कबूल केलं. त्यांनी काहीही ताबडतोब कबूल केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मुहूर्त झाला. सवाष्णी आल्या, हळदीकुंकू झालं, सासूबाईंनी पाच नखुले करून हात धुतले आणि पाटावरून उठल्या. वाडीतल्या बायका रोज दुपारी येऊन गव्हले आणि बोटवे वळत. नखुल्यांचं सूप कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असे. ते भरत चाललं होतं. मी विचारलं, तर उन्हात फुगून जास्त दिसतात, असं सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, वाळवण उन्हात आक्रसतं. तेव्हा मामंजी आतून म्हणाले की शुभकार्यात वाद नकोत.

त्याच सुमारास कोनाड्यातल्या लिंबांना भोकं पडू लागली. एका बाजूने बोटभर भोक, आतला गर गेलेला. उंदीर लिंबं खात नाहीत हे मला ठाऊक होतं, पण मुंबईच्या उंदरांचा भरवसा कुणी द्यावा. भोकाच्या आसपासचा भाग कापून टाकून उरलेली लिंबं मी वरणावर पिळत होते. वरण सगळ्यांना आवडत होतं.

मग पहिलं केळवण आलं. केळवणाला जायचं म्हणून सासूबाईंनी मेंदी लावली. दहाही बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत लालभडक रंगवली, नखांसकट. वयाला शोभत नाही असं वन्संनी म्हटलं, तर म्हणाल्या, मुलीच्या लग्नात नाही तर कधी. मला ते पटलं. इतकंच नव्हे, मला त्या दिवशी त्या छान दिसल्या.

बुधवार आला. डोकं दुखतं म्हणून त्यांनी तो टाळायला पाहिला. मी परात घेऊन बसले ती उठले नाही. उजवा हात झाला. डावा हात त्यांनी पदराखालून काढला तेव्हा त्या माहीमच्या लोकांबद्दल बोलत होत्या. मेंदीने सगळी बोटं सारखीच लाल होती, त्यामुळे बघून काही कळलं नाही. पाण्यात धरल्यावर अंगठा इतरांपेक्षा गरम लागला. मी नखाच्या कडेला दाबलं. सासूबाई विहीणबाईंच्या नथीबद्दल सांगत होत्या. मी आणखी दाबलं. नखाखालून पू आला आणि परातीतल्या पाण्यात पसरला. सासूबाई नथीवरून विहीणबाईंच्या बोलण्याच्या पद्धतीवर आल्या होत्या.

मी हात सोडला नाही. अंगठ्याकडे बघत राहिले, तशा त्याही बघू लागल्या.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या.

मला इतका राग आला की मी त्यांना पहिल्यांदाच उलट बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. लिंबांबद्दल काहीतरी होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच सांगितलं, की बायका यायच्या आधी मी पाण्याला किंवा दळणाला गेले की त्या नखुले करत. साल सुटली ती त्यांनी दाताने ओढली. नखुरडं झालंसं वाटलं म्हणून अंगठा लिंबात घालून पदराखाली धरून बसत. लाली दिसायला लागली तेव्हा मेंदी लावली. वन्सं घरातल्या शेवटच्या. यानंतर या घरात लग्न होईल तोवर आपण कुठल्या असायला? रुखवतात दुसऱ्या कुणाच्या नखाचे नखुले बघायचे नव्हते त्यांना.

डॉक्टर आले. सूज मनगटाकडे निघाली होती. त्यांनी मेंदी खरवडून पाहायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"दुखत असतं तर बरं होतं," ते म्हणाले.

नख काढावं लागणार होतं. भूल देणं या दुखण्यात धोक्याचं, आणि फारशी गरजही नव्हती. सासूबाई खिडकीशी पाटावर बसल्या. मी हात धरला, मामंजींनी भांडं धरलं आणि तोंड देवाच्या तसबिरीकडे करून रामरक्षा म्हणायला घेतली. मधेच ते अडले. पुढचा श्लोक सासूबाईंनी सांगितला. डॉक्टरांनी नख चिमट्यात धरून काढलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं:

"परत येईल ना?"

"येईल. पण असंच येईल असं नाही."

त्यावर त्या रडल्या. तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यांचे स्वतःचे सासरे वारले तेव्हाही त्या सगळ्यांना कामं वाटत होत्या म्हणतात.

जाताना डॉक्टरांनी त्यांच्या मनगटाच्या वर शाईने एक रेघ काढली. उद्या सकाळी लाली या रेघेच्या पुढे गेलेली असली तर इस्पितळात न्यायचं आणि मग हात वाचवायचा की बाईला वाचवायचं एवढंच ठरवायचं उरेल, असं त्यांनी मामंजींना गॅलरीत नेऊन सांगितलं. मी मागे उभी होते. आणखीही एक सांगितलं: हे असताना केलेलं वळवट फेकून द्या, कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका. मामंजींनी मला खूण केली, तिला कळू द्यायचं नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी तो हात उजेडात धरला. सात वर्षं मला त्या बाईची भीती वाटत आली होती. त्या सकाळी मला त्या नसलेल्या घराची भीती वाटली, आणि ती जास्त होती. लाली रेघेच्या अलीकडे होती. मी पुन्हा पाहिलं. मग चूल पेटवली.

नखुले मी वाडीमागच्या फणसाखाली पुरले, त्यांच्या नखांशेजारी. फेकायचा धीर झाला नाही. मुहूर्ताचे पाच तेवढे वेगळ्या वाटीत होते, ते ठेवले. आणि सूप रिकामं झालं.

सासूबाईंना पुढे बरेच दिवस बारीक ताप होता आणि दुपारी त्या झोपून असत. त्या वेळात मी रवा भिजवून बसू लागले. माझं नख अरुंद आणि सपाट. पहिल्या दिवशीचे नखुले टरफलासारखे झाले. ते मी मोडून पुन्हा मळले. मग रवा जरा घट्ट घेतला, अंगठा तिरका धरला, बोट दाबून किंचित फिरवलं, की वळसा येई. त्यांचा नव्हे, पण त्यांच्या वळणावरचा. रोज त्यांच्या अंगठ्याची पट्टी बदलायची, कोमट पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, नवं फडकं बांधायचं, हात स्वच्छ धुवायचे आणि मग सूप ओढायचं. माझ्या नखाच्या कडा फुटल्या. मिरची कांडताना डोळ्यांत पाणी येई. वन्संना वाटे, आता सासरी जाणार म्हणून वहिनीला भरून येतं. त्यांनी मला दोनदा मिठी मारली.

लग्न व्यवस्थित झालं. सासूबाई डाव्या अंगठ्याला पांढरं फडकं बांधून सगळीकडे मिरवल्या आणि फडक्याचं कारण प्रत्येकीला वेगळं सांगितलं. रुखवत मांडलं. नखुल्यांचं ताट पुढे होतं, मधोमध मुहूर्ताचे पाच. माहीमच्या विहीणबाई वाकून बघत बसल्या. मूठभर घेऊन त्यांनी तळव्यावर पसरले.

"विहीणबाई, हात आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांच्या तळव्यावरचा एक नखुला उचलला. डोळ्यांजवळ नेला. मी समई नीट करायला वळले. माझ्या पाठीमागे सासूबाई म्हणाल्या की हो, आमच्या घरचा हात आहे. आणि नखुला ताटात ठेवून दिला.

खीर त्यांनी मागितली नाही. प्रसाद आहे असंही म्हणाल्या नाहीत.

नव्या नखाला तेव्हा नुसता कोंब फुटला होता. पुढे ते पूर्ण आलं तेव्हा जाड आणि खरखरीत होतं, मधे खळगा, वळसा नाही. त्यावर नखुला उठत नसे. त्यांनी एकदा करून पाहिला आणि रवा पाण्यात टाकून दिला.

लग्नानंतरचा पहिला बुधवार. घर रिकामं, वन्संचा कोपरा झाडून ठेवलेला. मी परात घेऊन गॅलरीत बसले, पाण्यात कोपर घालून बघितलं आणि त्यांचा हात मागितला. त्यांनी हात पुढे केला, पण माझ्या मांडीवर ठेवला नाही. माझाच डावा हात धरून आपल्या मांडीवर ओढून घेतला. अंगठा उजेडाकडे वळवला. नखाच्या दोन्ही बाजूंना साल सुटून चिरा पडल्या होत्या आणि एके ठिकाणी रक्त साकळलं होतं. माझ्या चुका सांगायला आता सुरुवात होईल असं मला वाटलं. त्यांनी कात्री घेतली, सुटलेली साल अलगद उडवली आणि तेलाच्या वाटीत बोट बुडवून माझ्या नखाच्या मुळाशी लावलं. त्यांचं बोट चिरेवरून गेलं तेव्हा मी हात आखडला.

"आता साल दाताने ओढायची नाही," त्या म्हणाल्या. "तुला दुखतं अजून."

मग त्यांनी दुसरा हात मागितला.